आरोग्य खात्याच्या फॉर्मवर हरकती व सूचना कशा नोंदवाव्यात: मराठवाड्यातील नवख्या नागरिकांसाठी मार्गदर्शन

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढण्यापासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील मंजुरीपर्यंत, आणि आशाताईंच्या घरभेटीच्या नोंदीपासून दिव्यांग प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जापर्यंत, आरोग्यसेवेची जवळजवळ प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या फॉर्ममधून जाते. हे फॉर्म मुंबईत किंवा दिल्लीत ठरतात, आणि ते भरण्याचा वेळ, झेरॉक्सचा खर्च व तालुक्याचे हेलपाटे गेवराई, कळमनुरी किंवा निलंग्याच्या माणसाच्या वाट्याला येतात. कोणता रकाना कळत नाही, कोणता दाखला तीनदा मागितला जातो आणि कोणत्या प्रश्नाला लोक खरे उत्तर देत नाहीत, हे फॉर्म भरणाऱ्याला आणि भरून घेणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. ही माहिती योग्य कार्यालयाकडे, मुदतीत आणि लेखी पोहोचवली, तर ती विचारात घेणे काही वेळा सरकारवर कायद्याने बंधनकारक असते, आणि इतर वेळी निदान तिची नोंद तरी राहते. हे काम यापूर्वी कधीच न केलेल्या माणसासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

अमेरिकेत सरकारी कागदपत्रांच्या ओझ्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. १९८० साली झालेल्या आणि १९९५ साली नव्याने लिहिलेल्या त्या कायद्यानुसार तिथल्या केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याला दहा किंवा अधिक व्यक्तींकडून एकसारखी माहिती गोळा करायची असेल, तर आधी ६० दिवस व नंतर ३० दिवस लोकांचे म्हणणे मागवावे लागते आणि तो फॉर्म भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज जाहीर करावा लागतो. आपल्याकडे प्रत्येक फॉर्मला लागू होईल असा कायदा नाही. त्यामुळे आपल्या हातातला कागद कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे ही आपल्या कामाची पहिली पायरी ठरते, आणि नवख्या माणसाचे सर्वाधिक श्रम इथेच वाया जातात.

कागद कुठून आला ते ओळखावे

काही फॉर्म कायद्याखालील नियमांना जोडलेले असतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज हे त्याचे चांगले उदाहरण आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १०० नुसार केंद्र सरकारला आणि कलम १०१ नुसार राज्य सरकारला नियम करताना ते आधी मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध करावे लागतात. कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धीची अट’ असे शब्द असले की केंद्राच्या बाबतीत सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ याचे कलम २३ आणि राज्याच्या बाबतीत महाराष्ट्राच्या १९०४ च्या तशाच अधिनियमाचे कलम २४ लागू होते. मसुदा प्रसिद्ध करणे, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे जाहीर करणे आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करणे ही तिन्ही कामे मग सरकारला करावीच लागतात. तुमच्या म्हणण्याला सर्वांत जास्त वजन इथे असते.

दुसऱ्या प्रकारात धोरणे येतात. आभा क्रमांक म्हणजे १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक. त्यामागील आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरणाचा मसुदा २६ ऑगस्ट २०२० रोजी लोकांसमोर आला, तेव्हा अभिप्रायासाठी सुरुवातीला ३ सप्टेंबरपर्यंतचीच मुदत होती आणि पुढे ती २१ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली. कोरोनाच्या ऐन लाटेत, इंग्रजीतल्या दस्तऐवजावर मत देण्यासाठी आठवडाभराची मुदत ठेवणे हे लोकांना विचारण्याचे लक्षण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मुदतवाढ मिळते हेही त्याच उदाहरणातून दिसते. केंद्र सरकारच्या ५ फेब्रुवारी २०१४ च्या कायदेपूर्व विचारविनिमय धोरणात कायद्यांचे व नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावेत असे म्हटले आहे. मुदत त्याहून कमी असेल तर पहिले पत्र मुदतवाढ मागणारे असावे, आणि त्यात या धोरणाचा उल्लेख तारखेसह करावा.

तिसरा प्रकार शासन निर्णय, परिपत्रके आणि योजनांच्या मार्गदर्शक सूचनांचा आहे. आरोग्य खात्याचे बहुतेक फॉर्म याच प्रकारात मोडतात, आणि इथे आधी मसुदा दाखवण्याचे बंधन सहसा नसते. अशा फॉर्मवर ‘हरकत’ नोंदवण्याची जाहीर मुदत शोधत बसू नये. थेट निवेदन द्यावे. त्यासाठी माहितीच्या अधिकार अधिनियमातील दोन तरतुदींचा आधार घेता येतो. कलम ४(१)(ख) च्या सातव्या उपखंडानुसार धोरण ठरवताना लोकांशी विचारविनिमयाची कोणती व्यवस्था आहे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे असते, आणि कलम ४(१)(ग) नुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करायची असतात. चौथ्या प्रकारचा कागद त्या त्या रुग्णालयाने आपल्या सोयीसाठी तयार केलेला असतो. तो बदलण्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांना भेटून दिलेले एक पत्र अनेकदा पुरते.

खाते कोणते, हे चुकू देऊ नये

छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालय, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, तर जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व ग्रामीण रुग्णालय सहसा सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत चालतात. रुग्णाच्या दृष्टीने हे सगळे ‘सरकारी दवाखाने’च असले तरी घाटीतल्या कागदाविषयीचे निवेदन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिल्यास त्यांना ते पुढे पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरील फॉर्मसाठी तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी, ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्य चिकित्सक आणि महाविद्यालयांसाठी तेथील अधिष्ठाता, असा पत्ता धरावा. आरोग्य सेवा उपसंचालकांची दोन मंडळ कार्यालये मराठवाड्यात आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी व हिंगोली हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर मंडळात, आणि लातूर, बीड, धाराशिव व नांदेड हे लातूर मंडळात येतात. जिल्ह्यापलीकडचा प्रश्न असेल तर निवेदनाची प्रत तिथे द्यावी.

नियमांचे मसुदे राजपत्रात आणि संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर, तर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग व तारखेनुसार मिळतात. प्रत्येक शासन निर्णयावर एक लांब संकेतांक असतो. तो आपल्या पत्रात जसाच्या तसा उतरवला म्हणजे कोणत्या कागदाविषयी बोलत आहोत यावर वाद राहत नाही.

फॉर्म स्वतः भरून पाहावा

मसुदा वाचून मत बनवण्यापेक्षा तो फॉर्म शेवटपर्यंत भरून पाहणे कितीतरी उपयोगाचे असते. शक्य असेल तर तो तीन वेगवेगळ्या माणसांकडून भरून घ्यावा: एक लिहिता-वाचता येणारा, एक ज्याला दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो असा, आणि एक रोज असे फॉर्म भरणारी आशा किंवा आरोग्यसेविका. प्रत्येकाला लागलेला वेळ, अडलेला रकाना, जोडाव्या लागलेल्या झेरॉक्स, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी हे सगळे वहीत लिहून ठेवावे. अमेरिकी कायद्यातील चार कसोट्या या ठिकाणी आपल्याही कामाच्या आहेत: ही माहिती खरोखर लागते का आणि तिचा उपयोग होतो का, वेळेचा व कष्टाचा सरकारी अंदाज बरोबर आहे का, प्रश्न अधिक स्पष्ट व उत्तर अधिक खरे येईल असे काही करता येईल का, आणि तीच माहिती कमी त्रासात मिळवता येईल का.

तिसऱ्या कसोटीकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून तिचे एक उदाहरण नीट पाहू. तीस वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीचा मधुमेह, रक्तदाब व कर्करोगाचा धोका तपासण्यासाठी आशाताई घरोघरी एक तपासणी सूची भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजारांचा इतिहास यांना गुण असतात आणि बेरीज चारपेक्षा जास्त झाली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी अग्रक्रम मिळतो. आता तुमच्या हातातील सूचीत तंबाखूच्या प्रश्नात गुटखा व खैनीची नावे असतील आणि मिश्रीचे नसेल, तर काय होईल याचा विचार करावा. आपल्याकडील अनेक प्रौढ स्त्रिया सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, पण ते ‘तंबाखू खाणे’ आहे असे त्यांना वाटत नाही, त्यामुळे उत्तर ‘नाही’ असे येते आणि गुण शून्य पडतात. हा प्रश्न ओसरीवर, सासू आणि शेजारणी बसलेल्या असताना विचारला, तर दारूविषयीचे उत्तरही तितकेच भरवशाचे राहत नाही. अशा वेळी ‘मिश्री’ हा शब्द प्रश्नात घालावा आणि सवयींविषयीचे प्रश्न एकांतात विचारण्याची सूचना फॉर्मवरच छापावी, एवढी दोन वाक्यांची सूचना ‘फॉर्म फार किचकट आहे’ असे सांगणाऱ्या पानभर मजकुरापेक्षा अधिक मोलाची आहे, कारण ती जशीच्या तशी अमलात आणता येते.

पहिल्या कसोटीचा वापर जपून करावा. कागद कमी व्हावा ही मागणी दरवेळी रास्त असतेच असे नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफी केंद्राला प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो. तो डॉक्टरांना जाचक वाटतो, आणि त्यातील चुकांना निव्वळ कारकुनी चूक मानावे अशी मागणी त्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जिल्ह्याने हा आकडा पाहिला आहे, तिथल्या माणसाने ‘एफ’ नमुना रद्द करा असे कधीही लिहू नये. तो भरताना स्त्रीची सही तिला समजेल अशा भाषेतील मजकुराखाली घेतली जाते का, हे मात्र जरूर विचारावे.

गोपनीयतेचा मुद्दा वेगळा तपासावा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. संमती मागणारी नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्यात आहे. म्हणजे मराठीत संमतीपत्र मागताना या अधिनियमाकडे बोट दाखवता येते. आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, पण नोंदणीच्या खिडकीवर ते सांगितले जातेच असे नाही. म्हणून ‘हा क्रमांक नसला तरी उपचार नाकारले जाणार नाहीत’ हे वाक्य फॉर्मवर ठळक अक्षरांत असावे, ही सूचना प्रत्येक नव्या डिजिटल फॉर्मच्या वेळी करावी.

लिहिणे

पत्र मराठीत लिहावे. राज्याच्या खात्यांसाठी तर प्रश्नच नाही. दिल्लीतील खात्याकडेही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. केंद्राच्या पोर्टलवर शब्दमर्यादा असेल तर मुख्य मागणी पहिल्या दोन ओळींत लिहावी.

एका परिच्छेदात एकाच रकान्याविषयी लिहावे, आणि अडचण, तिचा परिणाम व नेमका बदल हा क्रम सोडू नये. बीड, धाराशिव किंवा जालना जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या संदर्भात अशी सूचना साधारणपणे पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘विषय: मसुद्यातील नमुना क्रमांक अमुक, रकाना क्रमांक अमुक. या रकान्यात गरोदर महिलेचा एकच पत्ता विचारला आहे. आमच्या गावातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. या काळात महिलेची तपासणी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात होते आणि गावातील उपकेंद्राच्या नोंदीत ती ‘गैरहजर’ दिसते. नोंदणीच्या वेळी येणारा ओटीपी कुटुंबातील ज्या एकमेव मोबाइलवर जातो, तो बहुधा कारखान्यावर गेलेल्या पतीकडे असतो. तरी या नमुन्यात हंगामी स्थलांतराचे ठिकाण व कालावधी असे दोन रकाने वाढवावेत, आणि ओटीपीविना, आरोग्यसेविकेच्या सहीने नोंदणी करण्याची सोय ठेवावी.’

यात कुठेही राग नाही, उपमा नाही, कोणावर आरोप नाही, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या टिप्पणीत उतरवता येईल असे शेवटचे वाक्य आहे. आपण वहीत टिपलेला वेळ आणि खर्च अशाच परिच्छेदात, किती जणांकडून टिपला हे सांगून घालावा. मोजलेले नसेल तर आकडा लिहू नये.

रुग्णाचे नाव, आजार, आधार क्रमांक किंवा केसपेपरची प्रत निवेदनाला जोडू नये. आपले पत्र फाइलमध्ये राहते, ते अनेकांच्या हातून जाते आणि माहितीच्या अधिकारात दुसऱ्या कोणालाही मागता येते. उदाहरण द्यायचेच असेल तर ‘एका तिशीतील महिलेला’ एवढे पुरेसे आहे. आशाताई, परिचारिका किंवा इतर कर्मचाऱ्यांनी आपले म्हणणे गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या), संघटना किंवा वरिष्ठांमार्फत द्यावे. तसे केल्याने एकट्या व्यक्तीवर दबाव येत नाही.

गावाचे बळ

एका सहीपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला प्रशासनात वेगळे स्थान असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी विषय देऊन तो कार्यपत्रिकेवर घेण्यास सांगावे. गावातील ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आशाताई सदस्य असतात, त्यामुळे फॉर्मवरची चर्चा तिथून सुरू करणे सोपे जाते. मराठवाड्याला या कामाची पूर्वपीठिकाही आहे: राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख २००७ साली राज्यातील ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आजचा धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, हा एक होता. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी ती पद्धत होती. त्या काळात काम केलेली माणसे अजून गावोगावी आहेत. त्यांना गाठून त्यांचा अनुभव विचारावा.

लोकशाही दिनाविषयी थोडी सावधगिरी बाळगावी. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच घेतली जाते. तुमचाच अर्ज अडला असेल तर तिथे जावे. फॉर्म बदलण्याची सर्वसाधारण सूचना तिथे नेऊ नये.

पोहोच आणि पाठपुरावा

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, आवक शाखेत एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. आवक शाखेने ‘साहेब आल्यावर या’ असे सांगितले तर वाद न घालता तीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती जपावी. ईमेल पाठवल्यास विषयात अधिसूचनेचा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक असावा. पोर्टलवर नोंदवल्यास ‘सादर झाले’ या पडद्याचे छायाचित्र घ्यावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी आला, तेव्हा सूचना केवळ केंद्र सरकारच्या मायगव्ह पोर्टलवर मागवल्या होत्या आणि आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत असेही सांगितले होते. अशा वेळी आपण काय लिहिले याचा पुरावा फक्त आपल्याजवळच राहतो.

मुदत शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपते असे गृहीत धरू नये. कार्यालयीन वेळ आणि रविवार लक्षात घेऊन किमान तीन दिवस आधी पत्र पोहोचेल असे पाहावे.

दोन महिन्यांत काही कळले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क असते आणि ते कोर्ट फी मुद्रांक लावून भरता येते, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क माफ आहे, आणि अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ‘माझ्या सूचनेचे काय झाले’ असा प्रश्न विचारल्यास ‘विचाराधीन आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके कागद मागावेत: या मसुद्यावर आलेल्या एकूण हरकती व सूचनांची संख्या, त्यांचा गोषवारा किंवा तक्ता, त्यावरील कार्यालयीन टिप्पणीच्या प्रती, आणि अंतिम निर्णयाची कारणे. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे, आणि तिथेही समाधान न झाल्यास ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे (मराठवाड्यातील कार्यालय असेल तर त्याच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे) दुसरे अपील दाखल करावे. केंद्राच्या खात्याविषयी असेल तर ते केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.

मिळालेल्या टिप्पणीत तुमची सूचना कोणत्या कारणाने नाकारली हे लिहिलेले असेल, तर ते कारण खोडून काढणारी माहिती आतापासूनच गोळा करायला घ्यावी. खर्चाचे कारण असेल तर छपाईचा हिशेब, सॉफ्टवेअरचे असेल तर दुसऱ्या एखाद्या योजनेत तसाच रकाना आहे का हे पाहावे. फॉर्म पुन्हा सुधारायला निघेल तेव्हा आवक क्रमांकासहची जुनी प्रत, टिप्पणीची झेरॉक्स आणि नवी माहिती अशी एकत्र फाइल पहिल्याच आठवड्यात सादर करता येते.